मार खाल्ल्यावर त्यांनी काय बदलले? : आमच्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला खुले पत्र

मा. क्रीडा संचालक, मा. मुख्य फुटबॉल प्रशिक्षक आणि विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचे मा. सदस्य यांस,

विषय : डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची नेमणूक आणि तिच्यामागचे निकष

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपण प्रसिद्धिपत्रक काढून आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या नव्या डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचे, म्हणजे बचावाचे डाव आखणाऱ्या प्रशिक्षकाचे, नाव जाहीर केले. निवड झालेल्या गृहस्थांना सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, ही गोष्ट त्या दीड पानी पत्रकात चार वेळा आली आहे. त्या सव्वीस वर्षांत त्यांनी नेमके काय केले, हे एकदाही आलेले नाही. त्यांनी स्वतः बचावाची सूत्रे सांभाळली त्याला आता पाच हंगाम होऊन गेले, हेही पत्रकात नाही. ऑक्टोबरमध्ये आधीच्या कोऑर्डिनेटरना हंगाम अर्ध्यावर असताना दूर केल्यानंतर उरलेल्या पाच सामन्यांत ज्या एकतीस वर्षांच्या लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतले खेळाडू) प्रशिक्षकाने बचाव चालवला, त्याची मुलाखत फोनवर वीस मिनिटे झाली, आणि तीही, आपल्या गावातल्या वर्तमानपत्राच्या बातमीनुसार, निवड झालेल्या गृहस्थांना विमानाचे तिकीट पाठवून झाल्यावर. तीन वर्षांचा हा करार पुढच्या महिन्यात मंडळापुढे मंजुरीसाठी येणार आहे. तो येण्याआधी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवणे मला आवश्यक वाटते.

या पत्राची इंग्रजी प्रत मी काल क्रीडा विभागाच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. (पोच घेताना शिक्का मागण्याची सवय सांगलीची, इथल्या कार्यालयात शिक्का कुठल्या खणात आहे हे शोधायलाच दहा मिनिटे गेली.) तेच पत्र मराठीत पुन्हा लिहिण्याचे कारण असे की, या गावातली मराठी घरे सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी त्याच स्टेडियममध्ये असतात, तिकिटाचे पैसे भरतात, माजी विद्यार्थी म्हणून देणग्या देतात, आणि तरीही संघ कसा चालतो हा विषय निघाला की तो ‘त्यांचा’ म्हणून बाजूला ठेवतात. मला तो बाजूला ठेवता येत नाही.

मी १९९८ साली रसायनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी या विद्यापीठात आले. पहिल्या हंगामात हा खेळ म्हणजे दर अर्ध्या मिनिटाने थांबणारी ढकलाढकली वाटली होती, हे कबूल करते. पुढे शिक्षण संपले, इथेच प्रयोगशाळेची व्यवस्थापक म्हणून नोकरी लागली, आणि गेली एकोणीस वर्षे आमच्या घरात दोन हंगामी तिकिटे आहेत, तीही उत्तरेच्या टोकाची, जिथे नोव्हेंबरातला वारा स्वेटर आणि त्यावरचे जाकीट दोन्ही जुमानत नाही. परंतु माझा संबंध केवळ तिकिटाचा असता तर मी हे पत्र लिहिले नसते. नऊ वर्षांपासून संध्याकाळी मी खेळाडू-विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते. त्यांतल्या एका लाइनबॅकरला चार वर्षांत तीन डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर मिळाले. एकदा त्याने वहीच्या शेवटच्या पानावर बचावाची एकच रचना तीन नावांनी लिहून दाखवली : पहिल्या कोऑर्डिनेटरच्या भाषेत ते एका शहराचे नाव होते, दुसऱ्याच्या भाषेत एका प्राण्याचे, आणि तिसऱ्याच्या भाषेत नुसता आकडा. चेंडू हलण्याआधीच्या दोन सेकंदांत आपण अजूनही मनातल्या मनात भाषांतर करतो, असे तो म्हणाला. मनात भाषांतर करत जगणे म्हणजे काय, हे मला कुणी समजावण्याची गरज नाही. १९९८ साली मी दुकानात दूध मागतानाही तेच करत होते. फरक इतकाच की माझ्या अंगावर त्या वेळी सव्वाशे किलोचा माणूस धावून येत नव्हता.

ज्या मराठी वाचकांना हा खेळ परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडे थांबून सांगते. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक हा घरचा कर्ता असतो, पण प्रत्यक्ष डाव बहुतेक ठिकाणी दोन कोऑर्डिनेटर चालवतात, एक आक्रमणाचा आणि एक बचावाचा. एका सामन्यात बचावाला साधारण पासष्ट-सत्तर वेळा उभे राहावे लागते, आणि नियमित हंगाम बारा सामन्यांचा असतो. म्हणजे एका कोऑर्डिनेटरला हंगामात आठशेच्या आसपास निर्णय घ्यावे लागतात. दोन डावांच्या मध्ये चाळीस सेकंदांचे घड्याळ चालते. २०२४ पासून वरच्या विभागात एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ ठेवण्याची परवानगी मिळाली, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. समोरच्यांनी कोणते खेळाडू आत आणले ते पाहणे, त्यांचा कल ओळखणे, निर्णय घेणे आणि तो सांगून मोकळे होणे, हे सारे उरलेल्या पंचवीस सेकंदांत. क्रिकेटमध्ये कर्णधार अधूनमधून दोन क्षेत्ररक्षक हलवतो. इथे प्रत्येक चेंडूला अकराच्या अकरा जण हलवायचे असतात, आणि हलवणारा स्वतः मैदानाबाहेर उभा असतो. अशा जागेवर कोण बसतो, याला महत्त्व आहे ते यामुळे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार निकषांची. गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची एक जागा भरायची होती. काचेची भांडी, रसायनांच्या बाटल्यांची नोंद, सांडलवंड झाली तर सफाई, असे ते काम. याच विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाने माझ्याकडून आधी लेखी निकष घेतले, प्रत्येक निकषाचे गुण ठरवून घेतले, दोन आठवडे जाहिरात ठेवली, तिघांची समिती नेमायला लावली, सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायला लावले, आणि ज्यांना घेतले नाही त्या प्रत्येकाच्या नावापुढे कारण लिहून घेतले. त्या वेळी मला वैताग आला होता. आज वाटते, पद्धत योग्य होती. कोऑर्डिनेटरच्या जागेला मात्र या पद्धतीतून सूट मिळते आणि त्यासाठी घाईचे कारण दिले जाते. घाई खरी आहे, हे मी नाकारत नाही : डिसेंबरच्या सुरुवातीला नव्या खेळाडूंच्या सह्या होतात, पाठोपाठ ट्रान्स्फर पोर्टलची, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीची, मुदत येते, आणि आपला कोऑर्डिनेटर कोण हेच ठाऊक नसलेला खेळाडू दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरतो. पण निकष लिहून काढायला एक दुपार पुरते. जागा ऑक्टोबरात रिकामी झाली होती. तेव्हापासून आपल्या हाताशी किती दुपारी होत्या, याचा हिशेब आपणच करावा.

दुसरी तक्रार ‘अनुभव’ या शब्दाबद्दल आहे, आणि सगळी मेख तिथे असल्यामुळे ती मी सविस्तर मांडणार आहे. माझे आजोबा मिरजेजवळच्या एका खेड्यातल्या तालमीचा कारभार पाहत असत. वस्ताद ठेवायची वेळ आली की आलेल्या माणसाची लाल मातीतली वर्षे विचारली जात, पण त्याआधी त्याला विचारत की तुझ्या हाताखाली तयार झालेला गडी दाखव. गडी उभा केला की त्याची कुस्ती लावत. आणि गडी पडला तरी वस्ताद लगेच बाद होत नसे. दोन महिन्यांनी तोच गडी त्याच डावाने पुन्हा पडला तर मात्र वस्तादाला निरोपाचा नारळ मिळे. वर्षे मोजण्यापेक्षा ही परीक्षा अवघड आहे, कारण तिला वेळ द्यावा लागतो आणि डोळे उघडे ठेवावे लागतात.

हीच परीक्षा कॉलेज फुटबॉलला लावून पाहा. लुइझियाना स्टेट विद्यापीठात लागोपाठ तीन हंगाम अनुभव की क्षमता हा प्रश्न जितक्या उघडपणे विचारला गेला, तितका क्वचितच कुठे विचारला गेला असेल. २०१९ च्या आरंभी त्यांनी जो ब्रेडी या एकोणतीस वर्षांच्या तरुणाला न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या व्यावसायिक संघातून आणले आणि पासिंगच्या, म्हणजे चेंडू हवेतून फेकून पुढे नेण्याच्या, आखणीची जबाबदारी दिली. तो संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला, जो बरो या क्वार्टरबॅकने (आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) साठ टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, पास टाकले, आणि देशातल्या सर्वोत्तम साहाय्यक प्रशिक्षकाला दिला जाणारा ब्रॉयल्स पुरस्कार ब्रेडींना मिळाला. तरुणांना संधी द्या असे म्हणणारे सगळे हे उदाहरण देतात, पण ते अर्धेच सांगतात. त्या संघाचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते साठी ओलांडलेले स्टीव्ह एन्समिंगर, जे स्वतः त्याच विद्यापीठाचे माजी क्वार्टरबॅक. नव्या कल्पना तरुणाच्या होत्या, आणि त्या नेमक्या कधी वापरायच्या याचे तारतम्य मुरलेल्या माणसाकडे होते.

२०२० साली त्याच विद्यापीठाने बचावासाठी बो पेलिनींना परत बोलावले. पेलिनींचा अनुभव खोटा नव्हता. २००७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा बचाव त्याच मैदानावर त्यांनीच चालवला होता, आणि त्यानंतर बारा वर्षे ते दोन ठिकाणी मुख्य प्रशिक्षक होते. वर्षाला सुमारे तेवीस लाख डॉलरचा करार झाला. पहिल्याच सामन्यात मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने त्यांच्या बचावावर ६२३ यार्डांचे पासिंग केले, जो त्या संपूर्ण कॉन्फरन्सचा (विद्यापीठांच्या गटाचा) विक्रम ठरला, आणि आदल्या वर्षीचा विजेता लुइझियाना स्टेटचा संघ ४४-३४ असा हरला. समोरून तोच तो मार्ग वापरला जात असताना बचाव मात्र बहुतेक वेळ माणसामागे माणूस याच रचनेला चिकटून राहिला. त्या वर्षी महामारीमुळे वसंतातला सराव जवळजवळ झालाच नव्हता, अनेक खेळाडूंनी हंगामातून अंग काढून घेतले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण मिसिसिपी स्टेटचे माइक लीच हेही त्याच वर्षी तिथे नव्याने आलेले होते, आणि सराव त्यांचाही बुडाला होता. हंगाम संपताच पेलिनींना दूर करण्यात आले आणि सुमारे चाळीस लाख डॉलर देऊन करार मिटवावा लागला.

मग २०२१ साली लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ब्रेडी एव्हाना व्यावसायिक संघात गेले होते, म्हणून त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या जेक पीट्झ यांना आणले. त्यांनी याआधी या पातळीवर आक्रमणाची सूत्रे स्वतः सांभाळली नव्हती, आणि या वेळी शेजारी कुणी एन्समिंगर नव्हते. सहा विजय, सात पराभव, आणि मुख्य प्रशिक्षकांना निरोप. मला यातून दिसते ते असे की ब्रेडींची निवड कशामुळे फळली हे न पाहता फक्त त्यांच्यासारखा दिसणारा माणूस शोधला गेला, आणि त्याआधीच्या वर्षी पेलिनींच्या बाबतीतही तेच झाले होते, फक्त आरशातली प्रतिमा २००७ ची होती.

मिशिगनची गोष्ट याला जोडूनच सांगते. डॉन ब्राउन हे नाणावलेले बचाव-प्रशिक्षक २०१६ पासून तिथे होते. २०१८ मध्ये ओहायो स्टेटने त्यांच्या बचावावर ६२ गुण लावले, आणि मैदानभर आडव्या धावणाऱ्या रिसिव्हरांमागे (पास झेलणाऱ्या खेळाडूंमागे) एकेक बचावपटू कसा मागे पडतो हे सगळ्या देशाने पाहिले. पुढच्या वर्षी, एक अख्खा हंगाम हाताशी असूनही, ५६. त्यांच्या जागी २०२१ मध्ये माइक मॅकडोनल्ड आले, वय तेहतीस, कोऑर्डिनेटरपदाचा अनुभव शून्य. त्या नोव्हेंबरात मिशिगनने ओहायो स्टेटला ४२-२७ असे हरवले. दहा वर्षांतला तो पहिला विजय. पण शून्य अनुभव हेही फसवे वर्णन आहे. मॅकडोनल्ड त्याआधी सात वर्षे बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघात पायरी पायरीने वर चढले होते, आधी इंटर्न, मग साहाय्यक, मग बचावफळीचे आणि शेवटी लाइनबॅकरांचे प्रशिक्षक. पदाची पाटी नव्हती, काम होते.

आणि अनुभवाची बाजू घ्यायची तर जिम नोल्स यांचे उदाहरण घ्यावे. ते ओहायो स्टेटला आले तेव्हा त्यांच्यामागे ड्यूक आणि ओक्लाहोमा स्टेट इथे कोऑर्डिनेटर म्हणून घालवलेला एका तपाचा काळ होता. पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, मिशिगनने त्यांना ४५ गुणांचा तडाखा दिला, तोही लांब लांब पल्ल्याच्या डावांवर. नंतर त्यांचा बचाव जोखीम मापूनमोजून घेऊ लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओरेगॉनने त्यांना ३२-३१ असे हरवले. अडीच महिन्यांनी रोज बोल या सामन्यात तोच ओरेगॉन समोर आला तेव्हा निकाल ४१-२१ असा उलटा लागला, आणि त्या हंगामात देशातला सर्वांत कमी गुण देणारा बचाव ओहायो स्टेटचा होता. राष्ट्रीय विजेतेपदही त्यांनीच मिळवले. हा अनुभव मला मान्य आहे, कारण तो मार खाऊन शिकलेला अनुभव आहे.

तेव्हा आपण निवडलेल्या गृहस्थांबद्दल माझा प्रश्न एकच आहे : शेवटच्या ज्या सामन्यात त्यांच्या बचावाचे धिंडवडे निघाले, त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी काय बदलले? सव्वीस वर्षांत असा सामना झाला नसेल असे मला वाटत नाही. कुणाच्याच आयुष्यात तसे होत नाही. पत्रकात तो नसणे स्वाभाविक आहे. मुलाखतीत तो निघाला होता का?

तिसरी तक्रार मांडण्याआधी एक गैरसमज दूर करते. मी त्या तरुण प्रशिक्षकाची वकिली करत नाही. त्यांची माझी ओळखही नाही. ‘क्षमता’ या शब्दाचाही गैरवापर होतो आणि तो मी पाहिला आहे. आयोवामध्ये मुख्य प्रशिक्षकांचे चिरंजीव ब्रायन फेरेंट्झ २०१७ मध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले, आणि २०२२ पर्यंत त्यांचे आक्रमण यार्डांच्या हिशेबात देशात जवळजवळ तळाला पोचले होते, तरी त्यांना आणखी एक हंगाम मिळाला. क्लेमसनने २०२१ च्या अखेरीस, जुने दोन्ही कोऑर्डिनेटर गेल्यावर, घरातल्याच माणसांना बढती दिली. त्यांतल्या आक्रमणाच्या कोऑर्डिनेटरना एका हंगामात आणि बचावाच्या कोऑर्डिनेटरना तीन हंगामांनंतर जावे लागले. होतकरू या विशेषणाखाली पुष्कळदा ओळखीचा, सोयीचा किंवा स्वस्त असा अर्थ दडलेला असतो.

माझी तिसरी तक्रार इतकीच की क्षमतेचाही पुरावा असतो आणि आपण तो पाहिला नाही. त्या पाच सामन्यांतल्या दुसऱ्या सामन्यात पहिल्या सत्रात प्रतिस्पर्धी उजव्या कडेने धावण्याचा एकच डाव पुन्हा पुन्हा करत राहिले आणि आपला बचाव पुन्हा पुन्हा फसला. माझ्या यजमानांनी मध्यंतरात घरी जायचा प्रस्ताव मांडला. मध्यंतरानंतर आपला बाहेरचा लाइनबॅकर चार पावले रुंद उभा राहू लागला, आतली जागा भरायला सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा बचावपटू, पुढे आला, आणि तो डाव पुढे चालला नाही. सामना आपण हरलोच, पण मी माझ्या वहीत त्या ओळीखाली रेघ मारली. पुढच्या शनिवारी नव्या प्रतिस्पर्ध्याने तोच डाव करून पाहिला, कारण आता सगळ्यांच्या हाती आपल्या सामन्याची फिल्म असते. त्याला पहिल्याच वेळी उत्तर मिळाले.

पाच सामने हा नमुना लहान आहे. त्यांतले दोन संघ दुबळे होते, एक सामना बर्फात झाला. पाच सामन्यांच्या आधाराने कुणाला तीन वर्षांचा करार द्यावा असे माझ्या विद्यार्थ्याने लिहिले असते तर मी त्याचे गुण कापले असते. पण हाताशी असलेली माहितीची फाइल न उघडताच त्याने निष्कर्ष लिहिला असता, तर मी त्याला शून्य दिले असते. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण सांगलीच्या बाजारपेठेत ऐकत मी मोठी झाले. ती इथे इतक्या दूर लागू पडेल असे वाटले नव्हते.

यातच आणखी एक गोष्ट आहे. ‘आधी कोऑर्डिनेटर असलेलाच हवा’ अशी अट घातली की ज्यांना आजवर ते पद मिळाले त्यांच्यातच ते फिरत राहते. मैदानावरचे निम्म्याच्या आसपास खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, आणि व्यावसायिक लीगने २०२० मध्ये कोऑर्डिनेटरच्या जागांसाठीही अल्पसंख्य समाजातल्या उमेदवाराची मुलाखत बंधनकारक केली, ती याच वर्तुळाला भगदाड पाडण्यासाठी. कॉलेज फुटबॉलमध्ये तसे सर्वत्र बंधन नाही. म्हणून ज्या विद्यापीठाला स्वतःच्या न्यायबुद्धीचा अभिमान आहे त्याने स्वतःहून जास्त काळजी घ्यावी, अशी अपेक्षा गैर नाही.

चौथी तक्रार काळाची. मागच्या पाच हंगामांत हा खेळ जेवढा बदलला तेवढा त्याआधीच्या वीस वर्षांत बदलला नसेल. खेळाडू आता दर वर्षी विद्यापीठ बदलू शकतात. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेपर्यंत. २०२४ पासून मैदानावर प्रत्यक्ष शिकवणाऱ्या साहाय्यकांच्या संख्येवरचे बंधन उठले आहे. परिणामी आजच्या कोऑर्डिनेटरला दर उन्हाळ्यात अर्धा नवा संघ मिळतो आणि त्याला आपली पद्धत काही आठवड्यांत शिकवावी लागते. चार वर्षे मुरवून तयार केलेल्या खेळाडूंवर उभा असलेला बचाव आता कुणालाच चालवता येणार नाही. जुन्या अनुभवातला काही भाग, उदाहरणार्थ दबावाखाली डोके थंड ठेवणे किंवा मुख्य प्रशिक्षकाला तोंडावर नाही म्हणणे, कधीच शिळा होत नाही, आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण बाकीचा भाग होतो. आपल्या गृहस्थांच्या अनुभवातला कोणता भाग ताजा आहे हे तपासल्याचे मला कुठे दिसले नाही.

आता मागण्या.

करार मंडळापुढे येण्याआधी आपण या पदाचे निकष लेखी स्वरूपात प्रसिद्ध करावेत, आणि निवड झालेले गृहस्थ व ते तरुण प्रशिक्षक या दोघांची मुलाखत त्याच निकषांवर, त्याच प्रश्नांनी घ्यावी. दोघांनाही आपापला एक हरलेला सामना निवडायला सांगावा, फिल्म लावावी आणि आपण कुठे चुकलो व पुढे काय केले हे फळ्यावर मांडायला लावावे. त्या खोलीत पुढच्या हंगामात खेळणारे निदान दोन बचावपटू असावेत. त्यांना मत देण्याचा अधिकार नसला तरी चालेल. समजले की नाही एवढे त्यांनी सांगावे.

करार दोन वर्षांचा असावा, आणि मधेच दूर करावे लागल्यास द्यायच्या रकमेतून त्या व्यक्तीला दुसरीकडे मिळणारा पगार वजा व्हावा. बक्षिसी किंवा दंड एखाद्या एकाच आकड्याला बांधू नये. आयोवाने २०२३ च्या करारात सामन्यामागे सरासरी पंचवीस गुणांची अट घातली आणि त्यात बचावाने मिळवलेले गुणही धरले. त्या वर्षी संघ दहा सामने जिंकला, सरासरी पंधराच्या घरात राहिली, आणि ऑक्टोबरअखेरीसच कोऑर्डिनेटरना हंगामानंतर जाण्यास सांगावे लागले. संख्याशास्त्र शिकवणारीचा सल्ला म्हणून ऐकावे : मोजता येते म्हणून काहीही मोजू नये.

जो कुणी येईल त्याने, निदान पहिल्या वर्षी, आपल्या खेळाडूंची सध्याची सांकेतिक भाषा स्वतः शिकावी. एका प्रौढ माणसाने, ज्याला त्याबद्दल भरघोस पगार मिळतो, शंभर नवी नावे पाठ करणे हे साठ मुलांनी चौथ्यांदा सगळे विसरून पुन्हा शिकण्यापेक्षा सोपे आहे. ही मागणी खर्चाची नाही, आणि ती नाकारली गेली तर कारण ऐकायला मला आवडेल.

या साऱ्या तपासणीनंतर अनुभवी गृहस्थच सरस ठरले, तर त्यांनाच नेमावे. मी सप्टेंबरात उत्तरेच्या टोकाला बसून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवीन. मात्र तसे झाल्यास त्या तरुण प्रशिक्षकाला सह-कोऑर्डिनेटर करावे आणि पाटीबरोबर कामही द्यावे, म्हणजे तिसऱ्या डाउनची (चेंडू पुढे नेण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याची) किंवा रेड झोनची (गोलरेषेआधीच्या शेवटच्या वीस यार्डांची) आखणी त्याची, आणि त्याचा निर्णय फिरवायचा असेल तर तो शनिवारी मैदानावर न फिरवता शुक्रवारपर्यंत फिरवावा. असे लेखी ठरले नाही तर जानेवारीत तो दुसऱ्या विद्यापीठात असेल.

मंडळाच्या बैठकीत नागरिकांसाठी राखून ठेवलेल्या वेळेत बोलण्याकरिता मी नाव नोंदवले आहे. प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात. त्यांत मी हे पत्र वाचून दाखवणार नाही. शीर्षकातला प्रश्न विचारायला अर्धे मिनिट पुरे होईल. उरलेली अडीच मिनिटे मी आपल्या उत्तरासाठी ठेवली आहेत.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्र विभागातील एक कर्मचारी, माजी विद्यार्थिनी आणि हंगामी तिकीटधारक